वाचकांचे प्रश्न : तोच कत्तलखाना, नवी चौकट

जुन्या गेम्सच्या नव्या आवृत्त्यांविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येत असतात. या वेळी त्यांतील बरीचशी एकाच गेमविषयी होती, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत आणि सगळी जागा या गेमला दिली आहे.

प्रश्न : ‘ऑडवर्ल्ड : एब्ज ऑडिसी’ हा गेम मी शाळेत असताना मामेभावाच्या कॉम्प्युटरवर खेळलो होतो. त्या भीषण कारखान्यातही आम्ही दोघे पोट धरून हसायचो. त्याचा ‘न्यू ’एन’ टेस्टी’ हा रीमेक आता घ्यावासा वाटतो. पण जुनी गंमत त्यात उरली आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : उरली आहे, आणि जिथे ती टिकवणे सर्वांत अवघड होते नेमकी तिथेच चांगली टिकली आहे. ज्यांनी मूळ गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी देतो. लॉर्न लॅनिंग आणि शेरी मॅकेना हे दोघे व्हिज्युअल इफेक्ट्सच्या क्षेत्रातले. त्यांनी १९९४ मध्ये ऑडवर्ल्ड इनहॅबिटंट्स ही कंपनी अमेरिकेत स्थापन केली आणि १९९७ मध्ये हा प्लॅटफॉर्म गेम (म्हणजे उड्या मारत, अडथळे ओलांडत पुढे जायचा खेळ) प्लेस्टेशन व पीसीवर आणला. नायक एब हा मडोकॉन जातीचा, रप्चरफार्म्स नावाच्या अजस्र मांस कारखान्यात फरशी पुसणारा कामगार. मीच नावाचे प्राणी कापून कापून संपलेले, स्क्रॅब आणि पॅरामाइट संपत आलेले. अशा वेळी कारखान्याचा मालक मोलक याने कामगारांनाच कापून त्यांचा नवा खाऊ बाजारात आणायचा बेत केला, आणि तो बेत बंद दाराबाहेर फरशी पुसणाऱ्या एबच्या कानावर पडला. आता स्वतः निसटायचे आणि जातभाईंनाही सोडवायचे, असा हा खेळ. रीमेकचे नाव त्याच खाऊच्या जाहिरातीतून घेतलेले आहे.

इतक्या काळ्या कथेत हसू येते ते एबच्या बोलण्यातून. एब ‘हॅलो’ म्हणतो, गुडघ्यांवर बसून फरशी घासणारा मडोकॉन उलट ‘हॅलो’ म्हणतो. एब ‘फॉलो मी’ म्हणतो, तो ‘ओके’ म्हणून मुकाट मागे येतो. आणि ‘वेट’ म्हणायला तुम्हाला क्षणभर उशीर झाला, तर तो तसाच मुकाट मांस कापणाऱ्या यंत्राखाली जातो. हाक, उत्तर आणि कृती यांच्यामध्ये जो अर्ध्या श्वासाचा अवकाश आहे, त्यात या गेमचा सगळा विनोद सामावलेला आहे. मोन्सेक लाइन्स या भागात परवलीची खूण पटवण्यासाठी समोरच्या मडोकॉनने दिलेला शिट्ट्यांचा आणि पादण्याचा क्रम जसाच्या तसा परत करावा लागतो. चुकलात तर पुन्हा पहिल्यापासून. हा पोरकट चाळा गेमने कोड्याची खरीखुरी किल्ली म्हणून वापरला, याचे मला आजही कौतुक वाटते.

इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या जस्ट ॲड वॉटर या स्टुडिओने हा गेम युनिटी या गेम घडवण्याच्या सॉफ्टवेअरवर पायापासून पुन्हा उभा केला आणि जुलै २०१४ मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर आला. मूळ गेममधील बहुतेक पात्रांना लॅनिंग यांनीच आवाज दिला होता आणि रीमेकमध्येही एब त्यांच्याच आवाजात बोलतो. त्या आवाजातला भोळेपणा, घाबरलेला कंप आणि आपल्याच सुटकेवर विश्वास न बसल्यासारखे हसू, हे सारे शाबूत आहे. चित्रे बदलली, प्रकाश बदलला, कारखान्याची खोली डोळ्यांत भरू लागली. तरी हाकेला उत्तर किती वेळाने यायचे याला कुणी धक्का लावला नाही. स्टुडिओने नेमके काय सांभाळायचे हे ओळखले होते, असे मी त्यामुळे म्हणतो. तुम्ही तो जरूर घ्या.

प्रश्न : रीमेकमध्ये माझ्या उड्या सतत चुकतात. मूळ गेममध्ये असे होत नव्हते असे मला पक्के आठवते. हा वयाचा परिणाम आहे की गेमचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गेमचा. मूळ गेमची जमीन अदृश्य चौकटींमध्ये विभागलेली होती. एबचे एक पाऊल म्हणजे एक चौकट, आणि त्याची प्रत्येक उडी ठरावीक चौकटींची. त्यामुळे दरी किती रुंद आहे हे एकदा नजरेने मोजले की उडी चुकण्याचा प्रश्न उरत नसे. चुकायचा तो फक्त क्षण. रीमेकमध्ये या चौकटी गेल्या. कंट्रोलरवरची ॲनालॉग स्टिक किती कलवाल त्यावर एब चवड्यांवर दबकत जातो, चालतो किंवा धावतो, आणि उडीच्या आधी तो कड्याच्या नेमका किती जवळ उभा आहे हेही तुम्हालाच सांभाळावे लागते. हालचाल अधिक मोकळी झाली, पण तिच्यातला काटेकोरपणा गेला. अनेक जुन्या खेळाडूंची हीच तक्रार आहे आणि ती रास्त आहे. कोड्याचे उत्तर सापडले आहे, पण बोट एक केसभर कमी पडले म्हणून एब दरीत कोसळला, यात हसण्यासारखे काही नाही.

याच्या जोडीला दुसरा बदल आहे, आणि माझ्या मते तो उड्यांपेक्षा मोठा आहे. मूळ गेममध्ये पडदा सरकत नसे. एक स्थिर चित्र, त्याच्या कडेला एब पोहोचला की लगेच पुढचे स्थिर चित्र. बंदूकधारी स्लिग पहारेकरी चालत चालत डावीकडच्या कडेबाहेर जाई आणि तिकडून त्याच्या यांत्रिक पायांचा आवाज तेवढा येत राही. तो परत केव्हा येणार हे त्या आवाजावरून ताडून तुम्ही धावायचे. मराठी फार्सच्या प्रेक्षकाला हे वेगळे समजावून सांगायला नको : दाराआड कोण आहे हे दिसत नाही, पावले मात्र ऐकू येतात, आणि दार उघडण्याचा क्षण अचूक साधला की नाट्यगृह दणाणून जाते. मूळ गेममध्ये पडद्याची कड म्हणजे ते दार होते. रीमेकमध्ये कॅमेरा एबबरोबर सरकतो, कधी मागे जाऊन विस्तीर्ण परिसर दाखवतो, आणि स्लिग दुरूनच नजरेस पडतो. त्यामुळे आखणी सोपी होते, आणि स्टॉकयार्ड्स या भागातून बाहेर पडताना चंद्रावर मडोकॉनच्या पंजाचा ठसा दिसतो तो प्रसंग या नव्या कॅमेऱ्यामुळे खरोखर भव्य झाला आहे. पण अवचित समोरासमोर येण्यातली भीती आणि त्या भीतीतून फुटणारे हसू, दोन्ही उणावली.

तरीही सगळा जमाखर्च मांडताना एक गोष्ट रीमेकच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. मूळ गेममध्ये मधल्या थांब्यांमधली अंतरे निर्दय होती. चार खोल्या युक्तीने पार करायच्या, पाचवीत सुरुंगावर पाय पडायचा, आणि पुन्हा पहिल्या खोलीपासून तोच ‘हॅलो’, तोच ‘फॉलो मी’. दहाव्यांदा ऐकलेल्या विनोदावर कोण हसणार? १९९८ च्या ‘एब्ज एक्सॉडस’मध्ये मूळ कर्त्यांनीच क्विकसेव्ह, म्हणजे हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवण्याची सोय, दिले, म्हणजे ही उणीव त्यांनाही जाणवली होती. रीमेकमध्ये ते आहे, आणि त्यामुळे मरणाची भीती कमी होऊन खोडी काढण्याची हिंमत वाढते. मंत्र जपून एखाद्या स्लिगच्या अंगात शिरायचे, त्याच्याच आवाजात त्याच्या सोबत्याला हाक मारायची, त्याच्याच बंदुकीने सोबत्याला आडवे करायचे आणि शेवटी त्या स्लिगच्याही चिंधड्या उडवून एबच्या देहात परतायचे : असले उद्योग मनसोक्त करून पाहण्याची मुभा मूळ गेम देत नव्हता. उड्यांचा त्रास सोसूनही मी रीमेक पुन्हा पुन्हा उघडतो तो यासाठी.

प्रश्न : मूळ गेममध्ये ९९ मडोकॉन सोडवायचे होते, रीमेकमध्ये २९९ आहेत. ही केवळ भरती वाटत नाही का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : काही ठिकाणी वाटते. मूळ गेममध्ये एका वेळी एकाच मडोकॉनला मागे घेऊन जाता येई. त्यामुळे गोल घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांपर्यंत त्याला सुखरूप आणून मंत्राने त्या वर्तुळातले सुटकेचे द्वार उघडले आणि त्याने त्यात उडी घेतली की एका जिवाची सुटका केल्यासारखे वाटे. रीमेकमध्ये एकाच हाकेला अनेक जण मागे येतात. घोळका घेऊन निघालात की विनोद वाढतो, कारण एकाच चुकीत तिघे जातात; पण प्रत्येकाशी जुळणारे नाते पातळ होते. चांगल्या शेवटासाठी आधी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ५० जण सोडवावे लागत, आता १५० लागतात. प्रमाण तेच राहिले आहे. कोड्यांची संख्या मात्र तिपटीने वाढलेली नाही, एकेका ठिकाणचे मडोकॉन वाढले आहेत. या बाबतीत मी मूळ गेमच्या बाजूचा आहे.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी हा गेम मागते आहे. चित्रे गमतीशीर दिसतात. द्यावा का? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : आणखी काही वर्षे थांबावे, असे माझे मत आहे. पात्रे बाहुल्यांसारखी असली तरी कारखाना कत्तलखान्याचाच आहे. रक्त दिसते, देहाचे तुकडे उडतात, आणि एब ज्यांना वाचवायला गेला त्यांचे मरण बरेचदा खेळणाऱ्याच्याच चुकीने होते. तेरा-चौदाच्या वयात हा गेम शेजारी बसून खेळला, तर माणसांना माल समजणाऱ्या व्यवस्थेविषयी त्यातून चांगल्या गप्पा निघतील.

प्रश्न : मी दोन्हींपैकी एकही खेळलेलो नाही. आधी मूळ खेळावा की रीमेक, आणि मूळ आज मिळतो का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी रीमेक खेळा. तो पीसीवर आहे, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आहे, २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवरही आला. अवघडपणाच्या पातळ्यांपैकी मधली निवडा. त्या पातळीवर एबला गोळी लागली तरी तो लगेच कोसळत नाही, तर कठीण पातळीवर मूळ गेमप्रमाणे एकाच गोळीत खेळ आटोपतो. मूळ गेमची पीसी आवृत्ती स्टीम आणि जीओजी या दोन्ही ऑनलाइन दुकानांत आजही अल्प किमतीत मिळते. तिच्यासाठी कीबोर्डपेक्षा गेमपॅड जोडलेला बरा.

रीमेक संपवल्यावर मूळ गेम उघडा आणि पूर्ण खेळायला वेळ नसेल तर निदान पॅरामोनिया या भागापर्यंत जा. तिथले पॅरामाइट एकेकटे असताना एबला पाहून मागे सरतात आणि दोघे-तिघे जमले की त्याच्या अंगावर धावून येतात. रीमेकमध्ये ते किती आहेत हे कॅमेरा बऱ्याचदा आधीच दाखवतो. मूळ गेममध्ये एकट्या पॅरामाइटला रेटत रेटत तुम्ही पडद्याच्या कडेशी नेता, चित्र बदलते, आणि पलीकडे त्याचे भाऊबंद उभे असतात. दोन्ही आवृत्त्यांमधली ही एकच जागा लागोपाठ खेळून पाहा आणि कोणत्या वेळी अधिक मोठ्याने हसलात ते या सदराला जरूर कळवा.