पत्र्याच्या रिकाम्या तेलडब्याला एक्सायटर (ज्या वस्तूला चिकटवतो तिलाच कंप देऊन स्पीकर बनवणारं छोटं यंत्र) लावून तो टांगून वाजवायचा आहे, पण नुसती करकर येते. काय चुकतंय?

करकर बहुधा एक्सायटरची नसते, जोडाची असते: फोमची दुहेरी टेप लावली असेल तर काढा, पत्रा स्पिरिटने पुसा आणि एक्सायटर इपॉक्सीने थेट चिकटवून रात्रभर सुकू द्या. फोम वरच्या पट्टीतली कंपनं गिळतो, आणि कडा सुटली की ती पत्र्यावर आपटत राहते. बाजूच्या ऐन मध्यावर लावू नका. तिथे बरेच स्वर उठतच नाहीत. कडेपासून साधारण दोन-पंचमांश अंतर चांगलं. डबा नायलॉनच्या दोरीने, कशालाही न टेकवता टांगा. कडी किंवा झाकण खुळखुळत असेल तर आधी काढा, निम्मी तक्रार तिथेच संपते.

मग बारीक आवाजात ५० ते २००० हर्ट्झचा स्वर हळूहळू चढवत न्या. डबा जिथे एकदम गाऊ लागतो ते आकडे लिहून ठेवा आणि ध्वनी त्यांच्याच आसपास रचा. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या १९७३ च्या 'रेनफॉरेस्ट ४' या रचनेतही टांगलेल्या वस्तूच स्पीकर होतात. १०० हर्ट्झखालचं फिल्टरने कापा; लहान एक्सायटरची कॉइल (आतली हलणारी तारेची गुंडाळी) तिथे तळाला आदळते आणि पुन्हा करकर. अँप्लिफायर एक्सायटरच्या वॉटपेक्षा मोठा असेल तर आवाज जपून वाढवा, कॉइल जळते.

हे सगळं पातळ पत्र्यापुरतं. बिडाच्या जाड तव्याला एवढा छोटा एक्सायटर जेमतेमच हलवतो.