आबांनी चुकीचं जेवण सोडलं होतं

"ताई, पिशवीची सवय झाली, पण वाऱ्याचं काय करू? चारचौघांत आवाज येतो." शौचासाठी पोटावर पिशवी लावलेल्या इतक्या जणांनी लातूरला माझ्यासमोर बसून हे विचारलंय, की एकदा नीट लिहायलाच हवं.

औशाकडचे एक आबा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, पोटाच्या डाव्या बाजूला कायमची कोलोस्टोमी, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडून केलेली शौचाची वाट. जन्मभर भजनात टाळ वाजवलेला माणूस सहा महिने एकाही भजनाला शेवटपर्यंत बसला नव्हता.

"भजन असलं की रातच्याला जेवतबी न्हाई मी. तरीबी आवाज येऊलालाय. लोकं हसत्यात."

"कोण हसलं?"

आबा गप्प. आजीच बोलल्या, "कुणीबी न्हाई. ह्येच उठून येतेत."

माणसाला घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दलची समजूत जास्त छळते, असं मी मानते. पण नुसतं 'लोकांचा विचार सोडा' म्हणून समजूत बदलत नाही, हे या कामानंच शिकवलं. स्टोमाला, म्हणजे पोटावरच्या त्या तोंडाला, अडवून धरणारा स्नायू नसतो. वारा रोखणं कुणालाच जमणार नाही. आबा तो स्वतःचा दोष धरून बसले होते. मी त्यांना दोनच गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: काय कधी खाल्लं आणि पिशवी कधी फुगली. नातवानं वही भरली.

पुढच्या वेळी वही उघडली. पिशवी फुगायची रात्री 9 च्या सुमाराला. आणि दुपारी 2 ला शेतात पिठलं, भाकरी, कच्चा कांदा. डाव्या बाजूच्या कोलोस्टोमीत खाल्ल्यापासून वारा यायला साधारण 6 ते 8 तास लागतात. लहान आतडं पोटावर उघडलेलं असतं त्या इलिओस्टोमीत 2 ते 4. आबांनी बोट ठेवून तास मोजले, दोनदा मोजले.

"म्हंजी रातचं जेवण मी उगंच सोडलं?"

उगंच, आणि वरून तोटा. उपाशी राहिलं की वारा वाढतो. सहा महिन्यांत आबांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. अशी वही मी आता प्रत्येकाकडून लिहून घेते.

बाकीचं सोपं होतं. भजनाच्या दिवशी दुपारी डाळीचं पीठ, कांदा, कोबी, मुळा नको. ताक चालेल, वासही कमी होतो. प्यायचा सोडा टाळायचा, जेवताना गप्पा कमी. आवाज येतोय असं वाटलं की सदऱ्यावरून स्टोमावर हात हलका दाबून धरायचा. आबांनी पिशवीला टाचणीनं भोक पाडलं होतं (हे निम्मे लोक करतात!), मग वास येणारच. त्यापेक्षा वास गाळून वारा सोडणारी फिल्टरची पिशवी घ्या. अंघोळीला फिल्टरवर चिकटपट्टी लावा, भिजला की तो निकामी होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. बदलायची ती सकाळी, काही खायच्या आधी. कातडी साध्या पाण्यानं धुवून पूर्ण कोरडी करा. तेल लावलं की पिशवीची कातडीला लागणारी चकती चिकटत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामानं ती लवकर सुटते, तेव्हा जादा पिशव्या घरात ठेवा, पण पत्र्याखाली तापू देऊ नका. आणि वारा, शौच दोन्ही बंद होऊन पोट दुखलं, उलटी झाली, तर वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

हिवाळ्यात आबांचा फोन आला. पूर्वी प्रत्येक पदार्थाचं नाव घेऊन "खाऊ का?" विचारायचे.

"ताई, हुरडा कधी खाऊ?"

"भजन नसेल त्या दिवशी. आणि बारीक चावून."

"मग बेस्तरवार सोडून कवाबी," म्हणाले आणि फोन ठेवला.