आयर्लंडमधल्या पबात नुसतं जेवायला गेलं तर चालतं का? दारू न पिणाऱ्यांना अनुभव कसा येतो?

चालतंय की.

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आयर्लंडच्या कॉर्क शहरात येताय, बायको शाकाहारी, तुम्ही चिकन-मटण खाता पण पीत नाही, सोबत चार वर्षांची मुलगी, आणि पबात जेवायला जायचं म्हटल्यावर घरी सगळे गप्प झाले. मी कॉर्कातच सहा वर्षं काढलीत, पिणारा म्हणून माझी गणती होत नाही, तरी महिन्यातनं दोन-तीनदा पबातच जेवतो, कारण आमच्या घराजवळ बसून निवांत जेवायची जागा म्हणाल तर तीच. पुण्या-मुंबईतला पब डोक्यातनं काढून टाका. डीजे, अंधार, दारात बाउन्सर असलं काही नाही. दुपारी गेलात तर कोपऱ्यात एक आजोबा पेपर वाचत असतात, टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती चालू असतात आवाज बंद करून, शेगडीत आग असते आणि दोन बायका खरेदीच्या पिशव्या खाली ठेवून सूप पीत असतात. सिगरेटचा धूर तर नाहीच, २००४ पासून आत ओढायला कायद्यानं बंदी आहे, ओढणारे सगळे बाहेर पावसात उभे.

माझा पहिला अनुभव मात्र अगदीच फसला होता आणि त्यात चूक माझीच. आपल्या सवयीनं साडेनऊला जेवायला गेलो, एक टेबल पकडून बसलो आणि कोणीतरी येऊन पाणी ठेवेल, मेन्यू देईल म्हणून वाट बघत राहिलो. दहा-बारा मिनिटं गेली. शेजारच्या माणसाला दया आली असावी, तो म्हणाला की बाबा बारवर जाऊन सांगावं लागतं. गेलो तर काउंटरच्या मागचा म्हणाला किचन नऊला बंद झालं. मग त्यानंच एक टोस्टी करून दिली, म्हणजे हॅम, चीज, कांदा, टोमॅटो घातलेलं भाजलेलं सँडविच, आणि वर टायटोचं, म्हणजे इथल्या बटाटा वेफर्सचं, पाकीट. चीज अँड अनियन. (हा फ्लेवर टायटोवाल्यांनीच १९५४ च्या सुमारास काढला असं इथला प्रत्येक माणूस तुम्हाला एकदा तरी ऐकवणार, ऐकून घ्या.) तर पहिला धडा, रात्री जेवायचं असेल तर साडेसात-आठच्या आत, आणि तुमच्याकडे लहान मूल आहे म्हणजे तसंही लवकरच, कारण १५ वर्षांखालच्या मुलांना पालकांसोबत रात्री ९ पर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. नऊला पाच कमी असताना काउंटरवाला येऊन गोड बोलून आठवण करून देतो, वाईट वाटून घेऊ नका.

खरं जेवण दुपारचं. त्याला इथं कार्व्हरी म्हणतात. साधारण साडेबारा ते अडीच-तीन, ट्रे घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, समोर गरम दिव्याखाली भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे ठेवलेले असतात आणि ॲप्रनमधल्या काकू विचारतात काय हवं. टर्की अँड हॅम, रोस्ट बीफ, कधी लँब. तुम्ही बोट दाखवेपर्यंत ताटात बटाटा पडलेला असतो. मग दुसरा बटाटा. एकदा मी मोजले, मॅश, रोस्ट आणि क्रीममध्ये बेक केलेला असे तीन प्रकारचे बटाटे एकाच ताटात, आणि काकू विचारतायत चिप्स, म्हणजे आपले फ्रेंच फ्राइज, पण देऊ का. आई-बाबा आले होते तेव्हा आईनं मॅशचा एक घास घेतला आणि म्हणाली, "अरे हे फोडणी द्यायच्या आधीच काढलंय." इथल्या जेवणाचं याहून बरोबर वर्णन मला अजून जमलेलं नाही. सगळं ताजं, गरम, भरपूर, पण मीठ-मिरीच्या पुढं कोणी जात नाही. साधारण १५ ते १८ युरो पडतात आणि ते ताट मला तर एका बैठकीत संपत नाही.

एक लक्षात ठेवा, ताट पूर्ण झालं की त्यावर ग्रेव्ही ओतली जाते, न विचारता, डावभर, आणि ती बहुतेक बीफची असते. टर्की घेतलीत तरी. बीफ चालत नसेल तर रांगेत शिरतानाच "नो ग्रेव्ही" म्हणा, ताट हातात आल्यावर म्हणून उपयोग नाही. आयरिश स्टू म्हणजे मूळचा मटणाचा किंवा लँबचा, पातळ रस्सा, बटाटा, गाजर, कांदा, पण पबात बीफ घालूनही करतात, विचारायचं. आणि मेन्यूवर चिकन करी दिसेल, "हाफ अँड हाफ" म्हणजे अर्धा भात अर्ध्या चिप्स. पिवळी, गोडसर, दाट. करी समजून खाल्लीत तर रडाल, पण बाहेर आडवातिडवा पाऊस असताना चिप्स त्यात बुडवून खायला मला आवडायला लागलंय, हे घरी सांगितलेलं नाही.

आता बायकोचं. इथं जरा सविस्तर सांगतो कारण आमची इथंच फजिती झाली होती. शाकाहारी माणसाला सगळे सांगतात की पबात व्हेजिटेबल सूप आणि ब्राउन ब्रेड घ्या, आणि ते खरंच चांगलं असतं. गाजर, लीक (कांद्याच्या जाड पातीसारखी भाजी), बटाटा, सेलरी शिजवून घोटलेलं दाट सूप, सोबत सोडा ब्रेडचे दोन जाड काप आणि बटर. हा ब्रेड यीस्टनं नाही फुगवत, ताक आणि खायचा सोडा घालून करतात, कारण इथला गहू मऊ, यीस्टला लागतो तसा चिवटपणा त्यात नाही. कड कडक, आत ओलसर, भुरभुरीत, कोंड्याचा वास, सूपात बुडवला की काठ विरघळतो. आईला या सगळ्या देशात आवडलेला पदार्थ हाच. पण एका पबात (नाव नको) आम्ही मेन्यू नीट वाचून सूप मागवलं. इथं प्रत्येक पदार्थासमोर ॲलर्जीचे आकडे छापतात, युरोपच्या नियमानं एकूण १४ गोष्टी, त्या सूपासमोर सेलरी आणि दुधाचे आकडे होते, बस्स. अर्धं पिऊन झाल्यावर मी सहज विचारलं तर तिथली वाढणारी मुलगी हसत म्हणाली हो, चिकन स्टॉक असतो ना, म्हणजे चिकन उकळून काढलेलं पाणी. त्या १४ मध्ये चिकन नाहीच, म्हणजे छापायचा प्रश्नच येत नाही. आई काही बोलली नाही, नुसता चमचा खाली ठेवला. तेव्हापासून "इज इट व्हेजिटेरियन" असं न विचारता "व्हॉट स्टॉक इज इन इट" असं विचारतो. चिप्सचंही तसंच, काही ठिकाणी बीफच्या चरबीत तळतात, आणि वेगळं तेल नसेल तर मासे त्यातच. विचारल्यावर कोणी चिडत नाही, आत जाऊन शेफला विचारून येतात.

न पिण्याचं म्हणाल तर त्याचं कोणाला काही पडलेलं नाही. चहा मागा, खरंच. बॅरीज हा चहा कॉर्कचाच, १९०१ पासूनचा, स्टीलच्या किटलीत कडक काळा करून सोबत दूध देतात, बाबा दिवसातनं दोनदा त्यासाठी पबात जायचे. नाहीतर रॉक शँडी, म्हणजे लिंबू-संत्र्याचा सोडा. अडचण होते ती ऑफिसच्या लोकांसोबत, राऊंडची. एकजण उठतो आणि सगळ्यांचं आणतो, मग दुसरा. तुम्ही कोक पिताय म्हणून पाळी चुकवायची नाही, आपला एक राऊंड द्यायचा, किंवा बसतानाच सांगून टाकायचं की मी माझं माझं बघतो. तिसरा राऊंड आपला येणार दिसल्यावर बस पकडायला उठणारा माणूस इथं वर्षानुवर्षं लक्षात राहतो. आणि हो, काउंटरला रांग नसते पण आधी कोण आलं ते काउंटरवाल्याच्या डोक्यात पक्कं असतं, नोट हलवून बोलावू नका. तो काळी स्टाउट बिअर पाऊण ग्लास भरून मध्येच निघून गेला तर विसरलेला नाही, ती खाली बसायला वेळ लागतो, मग वरून भरतो. कॉर्कात गिनेसपेक्षा मर्फीज किंवा बीमिश मागणारे जुने लोक बरेच, गिनेस डब्लिनची ना.

संध्याकाळी सेशन, म्हणजे गाणं-बजावणं, असेल तर मुलीला जरूर न्या. स्टेज नसतं, पाच-सहाजण एका टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी घेऊन बसतात. वाद्यं चालू असताना गप्पा मारल्या तरी चालतं पण कोणी नुसत्या गळ्यानं गायला लागलं की अख्खा पब गप्प, तेव्हा मुलीच्या हातात चिप्स द्या. आणि गाणाऱ्यानं पुढच्याचं नाव घेतलं की त्यानं म्हणायचं अशी पद्धत आहे. बाबांवर आली तर त्यांनी सरळ आरती सुरू केली, टाळ्या वाजवत, आणि दुसऱ्या कडव्याला बाउरानवाल्यानं, म्हणजे आपल्या डफासारखं असतं ते, ठेका धरला.

तुम्ही डिसेंबरात येताय तर ऑफिसच्या पार्ट्या चालू असतील, शुक्रवारी टेबल मिळणार नाही, आणि २५ तारखेला पब कायद्यानं बंद. रविवारी एकच्या आत जा, मुलीसाठी अर्धी कार्व्हरी मागा, देतात. फक्त पुढं कधी उन्हाळ्यात आलात आणि कॉर्कची हर्लिंगची, म्हणजे काठीनं चेंडू मारायच्या इथल्या खेळाची, मॅच असेल त्या दिवशी जेवायला गेलात तर चमचा, पाणी, बिल काय हवं ते आधीच मागून घ्या, हाफ ३५ मिनिटांचा असतो आणि तोवर तुमच्याकडे कोणी बघणार नाही.