बसचा कुजलेला तळ बदलताना पाण्याची वाट बुजवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि पाच वर्षांपूर्वीची माझी गाडी डोळ्यांसमोर आली. टाटा ४०७च्या चासीवरची (सांगाड्यावरची) जुनी स्कूलबस, मागच्या चाकाजवळ पाय दिला की प्लाय दबतो, पावसाळ्यात कुबट वास. त्यावरच १२ मिलिमीटरचा नवा मरीन प्लाय मारून कॅम्परचं (गाडीतच राहायची सोय करायचं) काम पुढे न्यावं का, असं तुम्ही विचारताय. कृपा करून मारू नका. मी मेकॅनिक नाही, बॉडी बिल्डरही नाही, पण हे एक काम मी दोनदा केलंय आणि दुसऱ्यांदा करावं लागलं ते माझ्याच चुकीमुळे.

सीट काढणं, जुनं विनाइल सोलणं, गंजलेले बोल्ट ग्राइंडरने उडवणं हे तुम्ही करालच, त्यावर लिहीत नाही.

मी जुना प्लाय काढला होता, पत्रा वायर ब्रशने घासला, रेड ऑक्साइड या गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. मग डोक्यात एकच, थेंबभर पाणी आत येता कामा नये. सीटच्या पायांची भोकं, पत्र्याचे सांधे, तळ आणि बाजूची भिंत मिळते तिथला कोपरा, सगळीकडे पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट भरलं. भिंतीच्या तळाशी, पिलर (खिडक्यांमधले उभे खांब) जिथे खालच्या चॅनेलवर उभे असतात तिथे, बोटाएवढ्या फटी होत्या. त्यातून धूळ येईल म्हणून फोमचा स्प्रे मारून बुजवल्या. वर ग्लासवुलचं इन्सुलेशन, त्यावर प्लाय, त्यावर विनाइल, आणि लगेच ओट्याचं कपाट प्लायलाच स्क्रूने बसवून मोकळा झालो. हे सगळं मे महिन्यात, कोरड्या हवेत.

त्या फटी उगाच नव्हत्या. जुन्या बसच्या खिडक्यांचं रबर कितीही नवं टाका, थोडं पाणी आत झिरपतंच. ते पिलरच्या कडेने भिंतीच्या आत उतरतं आणि तळाच्या त्या फटींमधून खाली रस्त्यावर पडतं. मी वाट बंद केली, तेव्हा ते पाणी प्लायखाली शिरलं. वर सीलंट, खाली सीलंट, मधे पाणी.

ऑगस्टमध्ये एका रात्री ओट्यासमोर उभा होतो तर विनाइल टाचेखाली खचलं. कोपरा उचलला, खालचा प्लाय काळा पडून वह्यांच्या पानांसारखा सुटत होता. ग्लासवुल पिळली तर पाणी निघालं. आणि क्रॉस बेअररवर (तळाला खालून पेलणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) नखाने खरवडलं तर पापुद्रे हातात आले. रेड ऑक्साइड त्या पापुद्र्यांसकट सुटत होता. ओटा, पलंग, पाण्याची टाकी सगळं बाहेर काढावं लागलं, कारण सगळं तळालाच जखडलेलं. ७० हजारांच्या वर गेले, आणि अख्खा हिवाळा, जो खरा फिरायचा मोसम.

गाडी तेव्हा चार महिने उघड्यावर उभी का होती, तेही सांगतो, कारण तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. गाडीच्या पासिंगसाठी (सरकारी तपासणी-मंजुरीसाठी) गेलो तेव्हा एका कार्यालयात (नाव लिहीत नाही) खिडकीवर तोंडी सांगितलं, "आधी काम करून आणा, मग पासिंगला बघू." काम करून नेलं तर तिथेच दुसऱ्या टेबलावर प्रश्न, "बदलाच्या परवानगीचं पत्र कुठाय?" माझ्याकडे काहीच लेखी नव्हतं. नऊ चकरा झाल्या. दर वेळी नवा कागद, दर वेळी "साहेब दौऱ्यावर आहेत". वाईट याचं वाटतं की पहिल्याच दिवशी कुणी नियम नीट सांगितला असता, तर गाडी वेळेत शेडमध्ये गेली असती. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीतल्या बदलांबद्दलचं, आधी वाचा. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांबद्दल कडक निकाल दिलाय. कुजलेला तळ तसाच्या तसा दुरुस्त करणं वेगळं, आणि सीट काढून पलंग-स्वयंपाकघर बसवणं वेगळं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. मी वकील नाही, तुमच्या गाडीची नोंदणी कशी आहे त्यावर पुष्कळ अवलंबून. पण एक नक्की करा, अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. तोंडी शब्दावर ग्राइंडर लावू नका. पुढे विम्याचा दावा करायची वेळ आली तर हेच कागद लागतात.

आता तळ. कऱ्हाडच्या एका जुन्या बॉडी मिस्त्रींनी दुसऱ्या वेळी माझ्याकडून करून घेतलं ते असं. पत्रा पूर्ण काढून प्रत्येक क्रॉस बेअररवर हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द आवाज आला तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. आत गेला तर तो बेअरर बदलायचा, वरून पट्टी मारून चालवायचं नाही. एका वेळी एकच कापायचा, जॅकचा आधार देऊन, नाहीतर बॉडी बसते आणि मग दरवाजा लागत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा आणि डिझेलची टाकी, खालची वायरिंग कुठून गेलीय ते झोपून बघा. टाकीच्या फ्लोटवर (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागावर) किंवा गिअरबॉक्सवर तळात झाकण असेल तर नव्या तळातही ते ठेवाच.

सीटची भोकं नुसत्या सीलंटने बुजवू नका, पत्र्याची चकती वेल्ड करा. रंगात काटकसर नको, माझं मत आहे की नुसत्या रेड ऑक्साइडवर भरवसा ठेवू नये, इपॉक्सी झिंक प्रायमर घ्या. काहीजण पटणार नाही म्हणतील. तळाला अ‍ॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट टाकणार असाल तर ती आणि लोखंडी बेअरर यांच्यामध्ये रबराची पट्टी हवी. दोन धातू ओले एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं.

पिलरखालच्या फटी मोकळ्या ठेवा, जाळी लावायची तर लावा. चाकावरच्या बॉक्सचा सांधा मात्र खालून सील करा, कारण तिथे चाक पाणी खालून वर फेकतं. पाणी येण्याची जागा आणि जाण्याची जागा वेगळी ओळखायला मला एक अख्खा पावसाळा लागला. इन्सुलेशनला ग्लासवुल नको, बंद पेशींचा, पाणी न शोषणारा एक्सपीएस फोम बोर्ड २५ मिलिमीटर पुरे. जास्त जाड घेतलात तर डोकं छताला लागेल, उंची आधी मोजा.

प्लाय आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेलाच घ्या, कापलेल्या कडांना इपॉक्सी लावा. आठ बाय चारचा १२ मिलिमीटरचा तक्ता साधारण २३-२४ किलोचा भरतो, १९चा ३६च्या पुढे, म्हणजे उगाच जाड टाकून वजन वाढवू नका. आणि तक्ते असे कापा की सांधा बेअररवर येईल आणि प्रत्येक तुकडा बोल्ट काढून स्वतंत्र उचलता येईल. ओट्याचे पाय तळाला नाही, बेअररला बोल्ट करा. जुना प्लाय फेकू नका, तो साचा म्हणून कामी येतो.

तळ झाकण्याआधी एक गोष्ट नक्की. बेअररवर वर्तमानपत्रं पसरा, भिंतीचे आतले पत्रे खालच्या बाजूने उघडे ठेवा, आणि खिडक्यांवर पाइपने अर्धा तास पाणी मारा. कागद कुठे ओला होतो, खाली जमिनीवर कुठे टपकतं, त्याचे टेप लावून फोटो काढा. मी पहिल्या वेळी हे केलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळं कळलं असतं.

मागच्या चाकामागच्या बेअररचा, प्लाय उचलल्यावरचा फोटो टाका. तिथूनच अंदाज येईल की तीन बेअरर बदलायचेत की अख्खी मागची बाजू.