वर्गात स्लाइड कधी, फळा कधी?

सर, पीपीटी जरूर वापरा, पण सगळा तास तिच्यावर सोडू नका. आकृत्या, नकाशे, पेशींची चित्रं दिसली की मागचे बाकही माना वर करतात. मुलं कंटाळतात ती स्लाइड वाचून दाखवली की. सिद्धता आणि गणितं मात्र खडूनंच करा. फळ्यावर ओळ उमटायला वेळ लागतो, तेवढ्यात मुलांचं लिहून होतं, शंकाही सुचते. अख्खं उत्तर एकदम पडद्यावर आलं की मोबाइल वर होतात, फोटो निघतो, वही कोरीच. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये 'बी' दाबलं की पडदा काळा होतो, नजरा तुमच्याकडे वळतात. पुन्हा दाबलं की स्लाइड परत. मराठी मजकूर असेल तर पीडीएफ सोबत ठेवाच. वर्गातल्या संगणकावर फॉण्ट नसला की जोडाक्षरांची वाट लागते.