वरच्याची किल्ली, खालच्यांच्या किल्ल्या

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक विभागाच्या फाइली वेगळ्या किल्लीने कूटबद्ध केलेल्या असतात. प्रमुखांना सगळ्याच उघडाव्या लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे तीसेक किल्ल्या साठल्या आहेत. एकाच किल्लीवर भागेल का? आणि हाताखालचे दोघे मिळून वरची किल्ली काढतील, ही भीती खरी आहे का?

उत्तर : भागेल. पण भीतीही खरी आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते.

१९८३ साली सेलिम अकल आणि पीटर टेलर यांनी यावर एक पद्धत मांडली. एक गुप्त संख्या घ्यायची, तिला ‘क’ म्हणू. प्रत्येक पदाला एक जाहीर घातांक द्यायचा. क चा तेवढा घात करून त्याला दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकाराने भागायचं. उरलेली बाकी ही त्या पदाची किल्ली. वरच्याचा घातांक खालच्याच्या घातांकाला निःशेष भागत असेल, तर वरचा आपल्या किल्लीचा आणखी घात करून खालची किल्ली मिळवतो.

हे शिकताना मी वहीत प्रमुखाला १ आणि दोन विभागांना २ व ३ असे घातांक दिले होते. नियमात चोख बसत होते. पण एकाकडे क चा वर्ग, दुसऱ्याकडे घन! घनाला वर्गाने भागलं की हातात थेट क. (बाक्यांच्या हिशेबातही असा भागाकार जमतो.)

अकल-टेलर यांचा तोडगा मला अजूनही फार आवडतो. प्रत्येक पदाला एक मूळ संख्या द्यायची. पदाचा घातांक म्हणजे त्याच्या कक्षेत न येणाऱ्या सगळ्या पदांच्या मूळ संख्यांचा गुणाकार. प्रमुखाला २, विभागांना ३ आणि ५ दिले, तर घातांक येतात १, १० आणि ६. आता दोघे एकत्र बसले तरी १० आणि ६ चा मसावि २, म्हणजे त्यांची मजल क च्या वर्गापर्यंतच. तिथून वर्गमूळ काढणं हे त्या प्रचंड संख्येचे अवयव पाडण्याइतकंच अवघड.

तुमच्याकडे एका विभागाला एकच वरिष्ठ असेल, तर एवढा खटाटोप नको. वरची किल्ली आणि खालच्या विभागाचं नाव एचमॅकमध्ये (किल्ली आणि मजकूर घेऊन एक नवा आकडा देणारी, उलट न फिरवता येणारी गणिती कृती) घाला. निघेल ती खालची किल्ली.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. मी काम करायचे तिथला मधल्या फळीतला एक अधिकारी नोकरी सोडून गेला. लॉगिन त्याच दिवशी बंद झालं, किल्ली मात्र तीच राहिली, आणि तिच्यातून खालच्या अकरा किल्ल्या निघत होत्या. बदलायला बसलो तर वरची किल्ली तीच, विभागाचं नाव तेच, त्यामुळे निघणारी किल्लीही तीच! म्हणून नावाला पहिल्या दिवसापासून आकडा जोडा: ‘लेखा-१’. माणूस गेला की ‘लेखा-२’, आणि त्याच्या खालच्या सगळ्या किल्ल्या त्यावरून नव्याने काढा.