नकाशा बोटाखालून निसटला नाही पाहिजे

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनातल्या मोठ्या पडद्यावरचा नकाशा लोकांनी हवेत हात हलवून चालवावा की काचेला बोट लावून, आणि कुणालाही न शिकवता जमतील असे हातवारे कोणते. अशा पडद्यांवर मी बरीच वर्षं काम करतेय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी दुसरा प्रश्न. न शिकवता जमणारी गोष्ट जवळपास एकच आहे: दिसतंय त्यावर बोट ठेवायचं आणि ते सरकवायचं. बाकीचं सगळं माणूस कुठे ना कुठे पाहून शिकलेला असतो. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प सुरू करणाऱ्या जेफ रॅस्किन यांनी 1994 मध्येच लिहिलं होतं की संगणकाच्या बाबतीत आपण ज्याला ‘सहज’ म्हणतो, ते बहुतेक वेळा फक्त ओळखीचं असतं. चिमटीने चित्र मोठं करणं आज उपजत वाटतं, पण 2007 मध्ये आयफोन दाखवताना तेसुद्धा मंचावर करून दाखवावं लागलं होतं.

तरीही चिमटी एकदा पाहिली की विसरत नाही. नकाशावरची दोन गावं दोन बोटांखाली धरली की बोटं कितीही फाकवा, ती गावं बोटांखालीच राहतात. हात हलत असतानाच उत्तर मिळत जातं, चुकलं तर तिथल्या तिथे मागे येता येतं. तीन बोटं डावीकडे ओढली की मुखपृष्ठ, असा हातवारा मात्र पाठ करायचा हुकूम असतो. तो पुरा होईपर्यंत पडदा गप्प, आणि चुकला तर काय चुकलं तेही कळत नाही.

म्हणून तुमची सगळी ताकद विलंब कमी करण्यावर लावा. हिशेब सोपा आहे. बोट सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगाने सरकतंय आणि चित्र 100 मिलिसेकंद मागे आहे, तर नकाशा बोटाच्या 2 सेंटिमीटर मागून येतो. मग नकाशा हाताने धरल्यासारखा वाटत नाही, दोरीने ओढल्यासारखा वाटतो. मोठ्या पडद्यावर हे फारच डोळ्यात येतं. दोनदा टॅप करण्याला वेगळं काम देऊ नका, कारण मग साध्या टॅपलाही ‘दुसरा येतोय का’ म्हणून थांबावं लागतं. मोबाइल ब्राउझर पूर्वी याच कारणाने प्रत्येक टॅपमागे सुमारे 300 मिलिसेकंद घालवायचे.

माझ्या पहिल्या प्रदर्शनात मागे जाण्यासाठी मी बोटाने गोल काढायचा हातवारा ठेवला होता. मला तो खूप सुंदर वाटायचा. पहिल्याच दिवशी एक आजी एका चित्रापाशी अडकल्या आणि काचेवर तीच जागा जोरजोरात दाबत राहिल्या. शेवटी ‘मला नाही बाई जमत’ म्हणून निघून गेल्या. त्यांना सगळं जमत होतं, चूक माझी होती. त्याच संध्याकाळी मी ‘मागे’ असं लिहिलेलं साधं बटण लावलं. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी 2.1 या 2018 च्या निकषांतही हेच आहे: अनेक बोटांनी किंवा ठरावीक रेघ काढून होणारं काम एका बोटाच्या साध्या स्पर्शानेही झालं पाहिजे. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना एकच बोट वापरता येतं, त्यांच्यासाठी तोच एक दरवाजा असतो.

आता हवेतले हातवारे. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट, म्हणजे अंगाच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, आल्यावर आम्हीही भारावलो होतो. अडचण अशी की काचेवर बोट टेकलं ही सुरुवात, उचललं हा शेवट. हवेत हात सतत कॅमेऱ्यासमोरच असतो. केस सावरले तरी पान उलटतं. म्हणून मग बटणावर हात धरून वाट पाहायला लावायचं, आणि तोवर खांदा भरून येतो. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी 1980 मध्ये बोट दाखवण्याला बोलण्याची जोड दिली होती: ‘ते तिथे ठेव’. कोणत्या क्षणाचा इशारा धरायचा हे शब्दांवरून कळायचं. ॲपलच्या व्हिजन प्रो या डोळ्यांवर चढवायच्या उपकरणात नजरेने निवडून अंगठा आणि तर्जनी जुळवतात; तिथेही बोटं एकमेकांना टेकतात म्हणूनच नेमका क्षण मिळतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत, जिथे काही शिवायचंच नाही, तिथे हवेतला इशारा खरा उपयोगी. तुमच्या नकाशाला काचच बरी.

बटणं मोठी ठेवा. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात किमान 48 डीपी (पडद्यावरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक), म्हणजे साधारण 9 मिलिमीटर सांगितलंय, पण उभ्या पडद्यासमोर हात लांबवून उभ्या असलेल्या माणसासाठी मी त्याच्या दुप्पट घेते. आणि निवड बोट टेकताना न करता उचलताना करा, म्हणजे चुकीच्या जागी टेकलेलं बोट सरकवून सावरता येतं.

पडदा कोणत्या प्रकारचा आहे ते मात्र लिहा. इन्फ्रारेड चौकटीचा, म्हणजे काचेच्या किंचित वरून जाणारे अदृश्य किरण अडले की स्पर्श मानणारा असेल, तर बाही किंवा ओढणी काचेला लागायच्या आधीच तो स्पर्श धरतो, आणि मग खालच्या कडेला एकही बटण ठेवू नका.